चीर लहान, बिल मोठं? आईचं पित्ताशय आणि माझी एक्सेल शीट

आज मागे टपटप आवाज येईल, तेवढा सहन करा. पुण्याच्या खोलीतून नाही, गोसीखुर्दच्या घरातून रेकॉर्ड करतोय आणि डोक्यावर टिनाचं छप्पर आहे. पाऊस सुरू आहे. धरणाच्या ३३ दरवाज्यांपैकी किती उघडले याची चर्चा सकाळपासून चौकात चालू आहे, पण तो आपला आजचा विषय नाही.

विषय एका श्रोत्याच्या मेसेजमधून आलाय. त्याने लिहिलं होतं, "दादा, आईच्या पित्ताशयात खडे निघालेत. पोट उघडून ऑपरेशन केलं तर एक रेट, दुर्बिणीने केलं तर पंधरा हजार जास्त. द्यायचे का जास्त?" बस्स, एवढंच. मी उत्तर टाइप करायला घेतलं आणि तीनदा खोडलं. कारण २०२४ च्या जूनमध्ये हाच प्रश्न आमच्या घरात आला होता, फरकाचा आकडासुद्धा तोच. आणि मी तो ज्या पद्धतीने सोडवायला गेलो, त्याची मला अजून थोडी लाज वाटते.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक आहे, कोड लिहितो. ऑपरेशन करायचं की नाही हे तुमचे डॉक्टर ठरवतील. मी बोलणार आहे ते पैशांबद्दल.

तर आमची गोष्ट. मे महिन्यात अड्याळला एक लग्न होतं. आई जेवून आली आणि रात्री उजव्या बरगडीखाली असं दुखायला लागलं की तिला बसवेना, झोपवेना. पाठीपर्यंत कळ जात होती. घरात सगळ्यांचं निदान एकच, पित्त झालं. मेडिकलमधून गोळी आणली, सकाळपर्यंत बरं वाटलं. असं ती दोन वर्षं करत होती, हे मला त्या रात्री कळलं.

इथे आपल्या भाषेनेच थोडी गडबड करून ठेवली आहे. आपण छातीत जळजळ झाली, आंबट ढेकर आली, डोकं दुखलं, तरी म्हणतो पित्त झालं. ते बहुतेक वेळा पोटातलं आम्ल असतं. खरं पित्त यकृतात तयार होतं, पित्ताशय नावाच्या छोट्या पिशवीत साठतं आणि तेलकट खाल्लं की पिशवी आकसून ते आतड्यात सोडते. त्या पिशवीत खडे असतील आणि एखादा तोंडाशी अडकला, तर लग्नाच्या जेवणानंतर मध्यरात्री जे होतं ते होतं. दुसरी गडबड मुतखड्याची. शेजारच्या काकाजींनी प्रेमाने मुतखड्याचा काढा आणून दिला. मूत्रपिंडातला लहान खडा पाण्याबरोबर वाहून जाऊ शकतो, म्हणून तिथे काढ्याला श्रेय मिळतं. पित्ताशयातला खडा सरकून नळीत गेला तर सुटका होत नाही, उलट कावीळ होते किंवा स्वादुपिंडाला सूज येते. मग आधी एंडोस्कोपीने नळी मोकळी करा, नंतर पित्ताशय काढा, म्हणजे दोन प्रोसिजर आणि दोन बिलं. सगळ्यात महाग ऑपरेशन ते, जे उशिरा होतं.

पण उलटंही सांगायला हवं. सोनोग्राफी दुसऱ्याच कशासाठी केली, खडे दिसले आणि कधीच काही दुखलं नाही, अशा माणसाला सहसा ऑपरेशन लागत नाही. तुमच्या बाबतीत असं असेल आणि कुणी घाई करत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. त्याची फी पाचशे-सहाशे रुपये असते.

आईला मात्र त्रास होता. भंडाऱ्याला सोनोग्राफी झाली, बरेच खडे निघाले. तिथल्या एका नर्सिंग होममध्ये रेट विचारला. पोट उघडून तीस हजार, दुर्बिणीने पंचेचाळीस हजार. आई शांतपणे ऐकत होती. बाहेर आल्यावर तिने जो प्रश्न विचारला तो आमच्या इंजिनिअरिंगच्या कुठल्याही व्हायव्हात मला कुणी विचारला नव्हता. "काऊन रे बाबू, एवढं मोठं पोट फाडाचे पैसे कमी, अन् चार भोकं पाडाचे जास्त? उलटं नाई का हे?"

उलटं आहेच. म्हणून तेवढं आधी समजून घेऊ.

उघड्या शस्त्रक्रियेत उजव्या बरगडीखाली चीर देतात, साधारण दहा ते वीस सेंटिमीटर, आणि सर्जन डोळ्यांनी बघत हाताने पित्ताशय काढतात. हे काम १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी पहिल्यांदा केलं. लागतं काय? चांगला सर्जन, भूल, दिवा, चिमटे, टाके. ही हत्यारं उकळून, वाफेवर निर्जंतुक करून वर्षानुवर्षं वापरता येतात.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात कार्बन डायऑक्साइड भरून तंबूसारखं फुगवतात. मग बहुतेक चार छिद्रं, दोन साधारण सेंटिमीटरभराची, दोन त्याच्या निम्मी. एकातून कॅमेरा जातो, बाकीच्यांतून लांब दांड्याची हत्यारं. पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी क्लिप लावून बंद करतात आणि पिशवी नाभीजवळच्या किंवा वरच्या छिद्रातून बाहेर ओढतात. म्हणजे कॅमेरा, प्रकाशाचा स्रोत, गॅसचं मशीन, मॉनिटर, छिद्रात बसवायच्या नळ्या, क्लिपा, सगळं वेगळं. मशीनचा खर्च एकदाच होतो, पण तो पेशंटांमध्ये वाटला जातो. रोज चार ऑपरेशनं होणाऱ्या हॉस्पिटलमध्ये एका पेशंटच्या वाट्याला कमी येतो, आठवड्याला एक होतं तिथे जास्त. शिवाय त्या नळ्या एकदाच वापरून फेकायच्या आहेत की निर्जंतुक करून पुन्हा वापरायच्या, यावर बिलात हजारोंचा फरक पडतो. दोन हॉस्पिटलांचे रेट वेगळे का, याचं निम्मं उत्तर इथे आहे. बाकी निम्मं म्हणजे हॉस्पिटलची लॉबी, पण ते असो.

आईला मी सांगितलं, "भोकाचे पैसे नाहीत, कॅमेऱ्याचे आहेत." ती म्हणाली, "मंग मले कुठं सिनेमात जाचं आहे? फाडून टाका म्हणा."

आता शीटकडे येऊ. मी तेच केलं जे आपल्यासारखे लोक करतात. रात्री लॅपटॉप उघडला, दोन कॉलम केले, ओपन आणि दुर्बीण. बिल तर कळलं होतं. आता बाकीचा खर्च.

वाचत बसलो तर २००६ सालचा एक कोक्रेन आढावा सापडला. कोक्रेन म्हणजे जगभरच्या चाचण्या एकत्र करून निष्कर्ष काढणारी संस्था. त्यांनी ३८ चाचण्या, २,३३८ पेशंट एकत्र बघितले. मृत्यू आणि गुंतागुंत यांत दोन्ही पद्धतींत लक्षात येण्याजोगा फरक नाही. दुर्बिणीत हॉस्पिटलचा मुक्काम सरासरी ३ दिवसांनी कमी आणि पूर्ण बरं होऊन कामाला लागायचा काळ सरासरी २२.५ दिवसांनी कमी. मला एकदम हायसं वाटलं. आकडा मिळाला की मला हायसं वाटतं, तो आमच्या धंद्याचा रोग आहे.

मग गुणाकार. ऑपरेशन जूनच्या शेवटी, म्हणजे ते २२ दिवस बरोबर जुलैत, धानाच्या रोवणीत. आमच्याकडे तेव्हा रोवणीची रोजी तीनशे धरली. बावीस गुणिले तीनशे, सहा हजार सहाशे. बाबांचे हॉस्पिटलमधले तीन जादा दिवस, दिवसाला चारशे, बाराशे. जाणं-येणं, डबा, चहा मिळून आणखी बाराशे. एकूण नऊ हजार. म्हणजे दुर्बिणीने वाचतात नऊ हजार आणि जास्त जातात पंधरा हजार. शीटच्या शेवटच्या ओळीत हिरव्या रंगात आलं: ओपन करा, सहा हजारांचा फायदा.

मी ती शीट जवळपास ताईला पाठवली होती. पाठवण्याआधी सवयीप्रमाणे एक टेस्ट केस टाकून बघितली, इनपुट बदलून. आईच्या रोजीच्या जागी माझा दिवसाचा पगार टाकला, साधारण तीन हजार. बावीस दिवसांचे सहासष्ट हजार. शेवटची ओळ बदलली: दुर्बीण, डोळे झाकून.

म्हणजे पित्ताशय तेच, खडे तेच, दुखणं तेच. माझं पोट असेल तर चार छिद्रं, आईचं पोट असेल तर वीतभर चीर. का, तर तिचा दिवस तीनशेचा आहे. शीटमध्ये चूक कुठेच नव्हती, फॉर्म्युला बरोबर होता. खर्चाची तुलना करणारे बरेच हिशेब याच रीतीने मांडतात, बरं का. बुडालेला दिवस गुणिले मजुरी. त्यात स्वस्त मजूर नेहमी स्वस्त ऑपरेशनलाच पात्र ठरतो.

आणि तीनशेही कुठले? ती रोवणीला जाते वर्षातले वीस-पंचवीस दिवस. बाकी दिवस पहाटे पाचला उठून गोठा, शेण, पाणी, चूल, बाबांचा डबा, आजीची आंघोळ. या कामाला माझ्या शीटमध्ये कॉलमच नव्हता. टाकायला गेलो तर रेट मिळेना, कारण गावात हे काम कुणी रोजीने करतच नाही. आई पडली तर ताईला आरमोरीहून यावं लागणार, तिच्या पोराची शाळा बुडवून. मग ताईच्या दिवसाचा रेट काय? रात्री एक वाजता मी लॅपटॉप बंद केला.

दुसऱ्या दिवशी वाचनात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांचं नाव आलं, आणि या माणसाबद्दल तुम्हाला सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दुर्बिणीने पित्ताशय काढायची पहिली शस्त्रक्रिया जर्मनीत १९८५ मध्ये एरिक म्यूहं यांनी केली. तिथल्या सर्जन मंडळींनी त्यांची टर उडवली, या प्रकाराला मिकी माउस सर्जरी म्हटलं. पुढे फ्रान्समधून ती जगभर पसरली. भारतात ती पहिल्यांदा झाली १९९० मध्ये. कुठे? मला वाटलं असेल दक्षिण मुंबईतलं एखादं पंचतारांकित हॉस्पिटल. नाही. जे. जे. रुग्णालय. सरकारी, गरिबांचं. उडवाडिया तिथे १९७२ पासून निदानासाठी दुर्बीण वापरत होते. त्यांचं म्हणणं असं की ही श्रीमंतांची चैन नाही. हातावर पोट असलेल्या माणसाला लवकर कामावर परतण्याची गरज सगळ्यात जास्त असते, म्हणून ही शस्त्रक्रिया आधी त्याच्यासाठी आहे. २०१७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, २०२३ मध्ये ते गेले.

म्हणजे माझ्या शीटच्या बरोबर उलट. मी म्हणत होतो तीनशेच तर रोजी आहे, बुडू दे. ते म्हणत होते तीनशेच रोजी आहे म्हणून ती बुडता कामा नये. पगारी माणसाची सिक लीव्ह असते, त्याचे बावीस दिवस कंपनी भरते. आईचे कोण भरणार?

तरी उघड्या शस्त्रक्रियेला एकदम वाईट ठरवू नका. इंग्लंडमध्ये शेफील्डला १९९६ मध्ये एक फार हुशारीची चाचणी झाली. २०० पेशंट, निम्म्यांना दुर्बीण, निम्म्यांना अगदी छोट्या चिरेची उघडी शस्त्रक्रिया. गंमत अशी की सगळ्यांच्या पोटावर एकसारखं ड्रेसिंग लावलं, पेशंटला कळूच दिलं नाही की आत काय झालंय. निकाल? मुक्काम दोघांचा सारखा, मधला आकडा ३ रात्री. कामावर परतणंही जवळपास सारखं, उलट छोट्या चिरेवाले थोडे आधीच. आणि दुर्बिणीला वेळ जास्त लागला. म्हणजे लवकर उठण्यात थोडा वाटा चिरेचा आणि थोडा वाटा 'तुमचं तर दुर्बिणीचं झालंय, उठा आता' या वाक्याचाही असू शकतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरं, पित्ताच्या मुख्य नळीला इजा होण्याचा धोका. दुर्मीळ आहे, पण दुर्बिणीत हजारात साधारण तीन ते पाच, उघड्यात एक-दोन. झाली तर पुन्हा मोठं ऑपरेशन, लाखांचा खर्च. म्हणून दुर्बिणीचे पंधरा हजार खरं तर मशीनचे कमी आणि ते मशीन रोज हाताळणाऱ्या हाताचे जास्त असावेत. उघड्या शस्त्रक्रियेत मुरलेले सर्जन तुमच्या जवळ असतील आणि दुर्बीण त्यांनी नवी घेतली असेल, तर स्पष्ट विचारा, "साहेब, महिन्याला किती करता?" चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न विचारल्याचा राग येत नाही.

आता खरी बिलाची कथा. माझ्या कंपनीच्या पॉलिसीत आई-बाबा आहेत, तीन लाखांपर्यंत. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे असतील आणि बऱ्याच जणांनी ती पीडीएफ कधी उघडली नसेल. मीही नव्हती उघडली. स्वतः बाजारातून घेतलेल्या पॉलिसीत पित्ताशयाच्या खड्यांना सहसा दोन वर्षं थांबावं लागतं. कंपनीच्या पॉलिसीत ही अट बऱ्याचदा नसते, आमच्यात नव्हती.

मग नागपूरचं एक खाजगी हॉस्पिटल गाठलं. पवनीहून भिवापूर, उमरेड, नागपूर, एसटीने. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आईचं निम्मं, माझं पूर्ण. यावर ती अख्खा रस्ता खूश होती. काउंटरवर विचारलं तर दुर्बिणीचं रोख पॅकेज साठ हजार. मी म्हटलं, इन्शुरन्स आहे. काउंटरवरच्या मुलाने दुसरी शीट काढली, चौऱ्याऐंशी हजार. त्याच बेडचे, त्याच सर्जनचे. मी विचारलं असं का, तर म्हणाला, "सर, तुम्हाला कुठे भरायचेत?" हॉस्पिटलचं नाव घेत नाही, कारण हे एकाच ठिकाणी होतं असं मला वाटत नाही. पण भरायचे होतेच. हातमोजे, ॲप्रन, असल्या वस्तूंचे चार हजार पॉलिसीने कापले. उरलेल्या ऐंशी हजारांवर दहा टक्के माझा हिस्सा, आठ हजार. एकूण बारा. रोख पॅकेज साठ असतं तर माझा हिस्सा सहा झाला असता. म्हणजे 'तुम्हाला कुठे भरायचेत' याचे दोन हजार मी भरले.

एक खड्डा मात्र चुकवला. आईला स्वतंत्र खोली घ्यावी असं मनात होतं, साडेचार हजारांची. पॉलिसीत खोलीची मर्यादा तीन हजार. वाटेल की फरक दिवसाचा दीड हजार. तसं नसतं. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की सर्जनची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च, असल्या रकमासुद्धा त्याच प्रमाणात कापू शकतात. साडेचारची खोली, तीनची मर्यादा, म्हणजे त्या रकमांचा तिसरा हिस्सा माझ्या खिशातून. औषधं आणि तपासण्या यातून वगळलेल्या असतात, पण तरी. आम्ही दोन खाटांची घेतली. आईला शेजारी गप्पा मारायला उमरेडच्या एक बाई मिळाल्या. स्वतंत्र खोलीत ती कंटाळून गेली असती.

हिशेब पूर्ण करतो. बारा हजार हॉस्पिटलात, चार हजारांच्या आसपास आधीच्या तपासण्या, साडेतीन हजार येणं-जाणं आणि जेवण. साडेएकोणीस हजार. म्हणजे महागडी दुर्बीण मला पडली भंडाऱ्याच्या स्वस्त ओपनपेक्षाही कमी. हप्ता दर महिन्याला पगारातून जातो ते वेगळं. बिलावर छापलेला आकडा आणि खिशातून गेलेला आकडा यांचा संबंध किती सैल असतो बघा. तसं आम्हा गोसीवाल्यांना हे नवीन नाही. आमच्या धरणाचा मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता, १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं, आणि सुधारित आकडा पुढे अठरा हजार कोटींच्या वर गेला. त्यामानाने हॉस्पिटलवाले सज्जनच म्हणायचे.

ज्यांच्याकडे कंपनीची पॉलिसी नाही, त्यांनी आधी महात्मा फुले जन आरोग्य योजना बघा. जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कवच आहे आणि रेशन कार्डचा रंग आता आडवा येत नाही. यादीतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. दाखल होण्याआधी त्यांना गाठून विचारा की हे ऑपरेशन इथे योजनेत होतं का, कोणत्या पद्धतीने होतं, तारीख कधी मिळेल. फोनवर विचारायचं तर १५५३८८. पॅकेजमध्ये तपासण्या, औषधं, जेवण आणि सुट्टीनंतर दहा दिवसांचा पाठपुरावा धरलेला असतो, शिवाय घरी परतायचं एसटीचं भाडं. आधी रोख भरून नंतर योजनेत बसवू, असं कुणी सुचवलं तर तिथेच थांबा.

आपल्या भागासाठी आणखी एक. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल बराच आहे. या आजारात लाल पेशी लवकर फुटतात आणि पित्ताशयात खडे फार लहान वयात होतात, कधी शाळकरी पोरांनाही. घरात कुणाला सिकल असेल तर कमी वयाच्या मुलाच्या पोटदुखीला पित्त म्हणून सोडू नका, आणि ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सगळ्यात आधी हे सांगा. तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

आता ज्यासाठी हा भाग करायचा ठरवला ते.

आमचे मोठे बाबा. त्यांचं पित्ताशय २००६ मध्ये उघड्या शस्त्रक्रियेने काढलं. सहा दिवस हॉस्पिटल. घरी आले तर बरगडीखाली ही एवढी चीर, टाक्यांची रांग. महिनाभर जो येईल त्याला बनियन वर करून दाखवायचे. गाव हळहळायचं. दीड महिना त्यांना कुणी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. त्या वर्षी त्यांच्या बांधीची रोवणी आम्ही सगळ्यांनी मिळून केली.

आईची सुट्टी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाली. पोटावर चार छोट्या पट्ट्या. भेटायला आलेल्या बाया म्हणाल्या, "एवढंसंच?" बाबांनीही कौतुकाने सगळ्यांना सांगितलं, दुर्बिणीचं झालं, काहीच नाही. चौथ्या दिवशी ती चुलीपुढे होती. ताई म्हणाली, "आई ठणठणीत आहे, मी जाते," आणि गेली. मी पाचव्या दिवशी पुण्याला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की महिनाभर जड उचलायचं नाही. ते कागदावर होतं, कागद माझ्या बॅगेत होता.

अकराव्या दिवशी तिने पाण्याचा ड्रम सरकवला. नाभीजवळचा टाका सुजला आणि त्यातून पाणी यायला लागलं. पवनीला ड्रेसिंगच्या चार फेऱ्या झाल्या. मला फोनवर सांगितलं नाही, 'तू उगाच घाबरतो' म्हणून. आणि सोळाव्या दिवशी मी ऑफिसच्या कॅफेटेरियात बसून व्हॉट्सॲप स्टेटस बघत होतो. गावातल्या एका पोराने रोवणीचा व्हिडिओ टाकला होता. बायांची रांग, गुडघाभर चिखल, वाकलेल्या पाठी. तिसरी पाठ आईची होती. लुगड्यावरून ओळखली.

फोन केला. म्हणाली, "सगळ्याइच्या बांधीत परा वाळून रायला, माणसं भेटून नाई रायले. अन् मले का झालं? भोकं तं बुजले."

दुर्बिणीने आमचे जे बावीस दिवस वाचवले, ते असे गेले. शीटच्या भाषेत ती बचतच आहे. पोटावर वीतभर चीर दिसली असती तर तिला कुणी उठू दिलं नसतं. निदान मोठ्या बाबांच्या अर्धी विश्रांती तरी मिळाली असती. आणि तिला न विचारता, कागद बॅगेत घेऊन जाणारा मीच होतो.

म्हणून त्या मित्राला मी शेवटी असं लिहिलं. सर्जनचा हात बसलेला असेल आणि योजनेत किंवा पॉलिसीत बसत असेल तर दुर्बीणच कर, पंधरा हजारांसाठी अडू नकोस. रेट विचारताना हेही विचार की सुरुवात दुर्बिणीने केली आणि मध्येच पोट उघडावं लागलं, तर बिल किती होईल. शंभरातल्या काही जणांत तसं करावं लागतं, सुरक्षित म्हणूनच करतात, त्यात डॉक्टरचं अपयश नाही. पिशवी काढल्यावर ती बायोप्सीला पाठवायचे पैसे पॅकेजमध्ये आहेत का ते विचार. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी पुढच्या महिनाभर पाणी कोण भरणार, चूल कोण सांभाळणार, हे नावानिशी ठरव आणि डॉक्टरांचा कागद घरात भिंतीवर चिकटव, बॅगेत घालू नकोस. तुला रजा मिळत असेल तर ऑपरेशनच्या दिवशी घेण्यापेक्षा दहाव्या दिवसानंतरची घे.

त्याचा रिप्लाय आला, "दादा, दहाव्या दिवशी मी काय करू तिथे?" मी लिहिलं, "पाणी भर."

हे रेकॉर्डिंग तिसऱ्यांदा करतोय. पहिल्यांदा लाइट गेली, दुसऱ्यांदा आई दारात येऊन उभी राहिली, "काय बोलून रायला रे एवढा वेळ मोबाइलसंग?" सांगितलं, तुझ्याच ऑपरेशनबद्दल. म्हणाली, "सांग मंग त्याइले, लग्नातली भाजी आता पचते म्हणून." सांगितलं.

तुमच्या घरी यातलं काही झालं असेल तर बिलाचे आकडे पाठवा, नावं खोडून. आणि बिलाखाली एका ओळीत हेही लिहा, घरचं काम किती दिवस कुणी केलं. पुढच्या महिन्यात त्याची एक शीट करतो. या वेळी त्या कामाला कॉलम ठेवतोय.